अ‍ॅनफिल्डवर सामना पाहायचा आहे. नाशिकहून जाणाऱ्याने तयारी कशी करावी?

प्रश्न : कॉलेज रोडकर

नमस्कार. माझी मुलगी इंग्लंडमधील लीड्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि येत्या मार्चमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाण्याचे ठरवीत आहोत. मुलीला भेटणे हाच प्रवासाचा मुख्य हेतू आहे. तथापि लीड्सहून लिव्हरपूलला थेट आगगाडी जाते हे कळल्यापासून माझे मन तेथील लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाकडेच धावू लागले आहे. २००५ च्या मे महिन्यात इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलानविरुद्ध ०-३ असा मागे पडलेल्या लिव्हरपूलने ३-३ अशी बरोबरी साधून पेनल्टींवर युरोपियन चषक जिंकला, तो सामना मी घरच्यांची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून पाहिला होता, आणि तेव्हापासून मी ह्या संघाशी बांधला गेलो आहे. क्रिकेटबद्दल आपल्या शहरात कोणालाही विचारता येते. गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामने पाहिलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. परंतु परदेशात जाऊन फुटबॉलचा सामना पाहून आलेला माणूस माझ्या परिचयात नाही, म्हणून येथे विचारतो.

पहिली अडचण तिकिटाची आहे. क्लबच्या संकेतस्थळावर जो सामना पाहावा तो सभासदांसाठी राखीव दिसतो. शहरातील एका प्रवासी एजंटाने ‘खात्रीच्या तिकिटासह’ एक योजना सांगितली आहे, तिची किंमत विमानाच्या भाड्याच्या जवळपास जाते, आणि तिकीट नेमके कोठून येणार ह्याचे उत्तर तो सामन्याच्या आदल्या दिवसावर ढकलतो. अशा तिकिटावर विश्वास ठेवावा काय? सामना न मिळाल्यास केवळ स्टेडियम पाहण्यासाठी लिव्हरपूलला जाण्यात अर्थ आहे काय? आणखी एक. माझ्या पत्नीला फुटबॉलमध्ये काडीचाही रस नाही आणि तिला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला सोबत न्यावे की लीड्समध्ये मुलीजवळ ठेवावे, ह्याबद्दलही अनुभवी मंडळींनी स्पष्ट लिहावे.

उत्तर : इंदिरानगरकर

तुमच्या प्रश्नांतील कळीचा मुद्दा तिकिटाचा आहे आणि बाकी सर्व व्यवस्था त्याच्या मागून यायला हवी. आपल्याकडे कार्यालय मिळाल्यावरच लग्नाची तारीख पक्की करतात, तोच क्रम येथे ठेवावा. विमानाची तिकिटे आधी काढून मग सामना शोधणारे बहुतेक लोक शेवटी अशा एजंटांच्याच दारात जातात.

अ‍ॅनफिल्ड रोडकडील स्टँड वाढविल्यापासून तेथे सुमारे ६१ हजार प्रेक्षक बसतात, आणि तरीही प्रीमियर लीग ह्या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या सामन्याची तिकिटे खुल्या विक्रीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. बरीच आसने हंगामी तिकीटधारकांकडे वर्षानुवर्षे असतात, काही पाहुण्या संघाच्या समर्थकांना द्यावी लागतात, आणि उरलेली सभासदांमध्ये सोडतीने वाटली जातात. म्हणून पहिले काम म्हणजे स्वतःच्या नावाने क्लबचे सभासदत्व घेणे. ते परदेशातूनही घेता येते आणि त्याचे शुल्क काळ्या बाजारातील तिकिटाच्या तुलनेत किरकोळ असते. सभासद झाल्याने तिकीट मिळतेच असे नाही, केवळ सोडतीत नाव घालण्याचा हक्क मिळतो, आणि ही नोंदणी सामन्याच्या कितीतरी आधी उरकलेली असते. मार्चमधील सामन्यांसाठी मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही. संकेतस्थळावरील तारखा आजच पाहून ठेवा. दुसरा सरळ मार्ग अधिकृत समर्थक मंडळांचा आहे. मुंबईत लिव्हरपूलचे असे मान्यताप्राप्त मंडळ आहे, तेथील मंडळींना ह्या साऱ्या व्यवहाराची चांगली माहिती असते. तिसरा मार्ग क्लबच्या ‘हॉस्पिटॅलिटी’ तिकिटांचा आहे, ज्यात भोजन, बैठक आणि आसन एकत्र विकले जाते. ते महाग आहे, परंतु कायदेशीर आहे आणि आधी पैसे भरून निश्चिंत होता येते.

आता तुमच्या एजंटाविषयी. तो जर क्लबने नेमलेल्या विक्रेत्याकडून हॉस्पिटॅलिटी घेऊन देत असेल तर त्यात वावगे काहीच नाही. मात्र तसे असेल तर कोणता कक्ष, कोणता स्टँड आणि विक्रेता कोण हे त्याला आजच लेखी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर ते तिकीट बहुधा दुसऱ्या कोणा सभासदाचे असते. इंग्लंड व वेल्समध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीवाचून विकणे हा १९९४ च्या एका कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे. नाटकाच्या वा संगीताच्या कार्यक्रमाच्या तिकिटांना तो लागू होत नाही, फुटबॉललाच होतो, कारण परस्परविरोधी समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळू नयेत हा त्याचा मूळ उद्देश आहे. शिवाय अ‍ॅनफिल्डची तिकिटे आता कागदावर नसतात. ती सभासदाच्या फोनमध्ये उतरतात आणि फिरत्या फाटकाशी फोन टेकवून आत जावे लागते. त्यामुळे काळ्या बाजारात पाहुण्याच्या हातात चक्क दुसऱ्याचा फोन किंवा दुसऱ्याच्या नावाचा पास दिला जातो, आणि क्लबने तो रद्द केलेला असल्यास फाटकावर दिवा लाल होतो. नाशिकहून तेथवर जाऊन फाटकाबाहेर उभे राहण्याची पाळी कोणावरही येऊ नये, म्हणून हे इतके सविस्तर लिहितो आहे.

तारखांचा घोळ हा दुसरा मोठा विषय आहे. प्रीमियर लीगचे वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होते, परंतु त्यातील तारीख ही केवळ त्या आठवड्याअखेरची खूण समजावी. थेट प्रक्षेपणासाठी सामने निवडले गेले की शनिवारी दुपारी तीनचा सामना शनिवारी साडेबाराला, साडेपाचला, रविवारी किंवा सोमवारी रात्री आठलाही जातो, आणि हे साधारण पाच-सहा आठवडे आधीच कळते. संघ युरोपीय स्पर्धेत किंवा चषक स्पर्धेत पुढे गेला तर आणखी बदल होतात. त्यातही मार्च हा महिना थोडा अडचणीचा आहे, कारण त्याच सुमारास इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या दोन स्पर्धांपैकी लीग चषकाचा अंतिम सामना व एफए चषकाच्या पुढच्या फेऱ्या असतात, आणि महिन्याच्या उत्तरार्धात राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी क्लब फुटबॉल थांबते. त्या विरामाच्या आठवड्यांत तुम्ही गेलात तर तिकीट असो वा नसो, अ‍ॅनफिल्डवर लीगचा सामनाच नसेल. प्रवासाच्या तारखा तुमच्या हातात असतील तर एप्रिलचा विचार अवश्य करा, आणि पसंतीच्या सामन्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

व्हिसाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मुलगी तेथे असल्याने तुम्ही ती चौकशी केलेलीच असेल. साधा पर्यटक व्हिसा पुरतो, अर्ज ऑनलाइन भरून बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईच्या केंद्रावर जावे लागते, आणि प्रवासाच्या हेतूत फुटबॉलचा सामना नमूद करण्यास कसलीही आडकाठी नाही.

उत्तर : पंचवटीकर वाचिका

वहिनींना लीड्समध्ये ठेवून जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. फुटबॉलमध्ये रस नसलेली पत्नी ह्या नात्यानेच मी तेथे जाऊन आले आहे, त्यामुळे त्यांची बाजू मांडण्याचा अधिकार मला आहे असे मी मानते. आम्हाला सामन्याचे तिकीट मिळाले नव्हते. आम्ही केवळ स्टेडियमची सहल घेतली, आणि यजमानांना ती जितकी आवडली तितकीच, काही बाबतींत त्यांच्याहून अधिक, मला आवडली.

सहलीत मेन स्टँडच्या वरच्या भागातून संपूर्ण मैदान दाखवितात, मग खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्या, पत्रकारांची खोली आणि तो प्रसिद्ध बोगदा, जेथून खेळाडू मैदानावर उतरतात. तेथे ‘धिस इज अ‍ॅनफिल्ड’ ही पाटी आहे. पाहुण्या संघाला आपण कोठे आलो आहोत ह्याची जाणीव व्हावी म्हणून बिल शँकली ह्या मॅनेजरांनी, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी, ती लावून घेतली, आणि पुढे मॅनेजर झालेल्या युर्गेन क्लॉप ह्यांनी आपल्या खेळाडूंना एखादा चषक जिंकेपर्यंत तिला हात लावायला मनाई केली होती, अशी हकीकत आहे. आमच्यासोबतच्या प्रत्येकाने तिला हात लावून छायाचित्र काढून घेतले. आपल्याकडे देवळाच्या उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला नेण्याची जी सवय आहे तिने मीही नकळत तेच केले आणि यजमान खूप हसले. मैदानाच्या कडेला राखीव खेळाडूंच्या आसनांवर बसता येते, मात्र गवतावर पाऊल ठेवू देत नाहीत, आणि ह्याबाबत तेथील माणसे अतिशय कडक आहेत. संग्रहालयात युरोपियन विजेतेपदाचे सहा चषक आहेत, त्यांत तुमचा इस्तंबूलचाही आहे. मेन स्टँडमध्ये लिफ्ट आहे. गुडघ्यांचा त्रास आरक्षण करतानाच कळविल्यास पायऱ्या टाळून नेतात. सामन्याच्या दिवशी मात्र ही नेहमीची सहल नसते, तेव्हा सामना मिळाला तर सहलीसाठी आदला किंवा नंतरचा दिवस धरावा.

हे सर्व झाल्यावर बाहेर मेन स्टँडच्या बाजूने चालत जाऊन हिल्सबरोचे स्मारक पाहा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्यांच्यातील एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात, उभ्या प्रेक्षकांच्या जाळीबंद भागात गर्दी होऊन लिव्हरपूलचे समर्थक चेंगरले गेले, आणि त्यातून झालेल्या मृत्यूंची संख्या पुढे ९७ वर गेली. दगडावर नावे कोरलेली आहेत आणि जवळ एक ज्योत सतत तेवत असते. मृतांत विशीच्या आतली मुले पुष्कळ आहेत. सर्वांत धाकटा दहा वर्षांचा होता, आणि पुढे ह्याच क्लबचा कर्णधार झालेला स्टीव्हन जेरार्ड त्याचा नात्याने भाऊ लागतो. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी प्रारंभी प्रेक्षकांनाच दोष दिला. कुटुंबांनी न्यायासाठी लढा दिला, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर हत्या ठरवून प्रेक्षकांना निर्दोष ठरविले. एवढ्यासाठी सत्तावीस वर्षे गेली. त्या काळी खोटा मजकूर छापणारे ‘द सन’ हे वृत्तपत्र लिव्हरपूल शहरातले लोक आजही विकत घेत नाहीत; तुम्ही गाडीत कोणी टाकून दिलेला अंक वाचायला उचललात तर तो शहरात शिरण्याआधी ठेवून द्या. फुटबॉल न कळणाऱ्या मला त्या शहराचे आणि ह्या क्लबचे नाते मैदानात कळले नाही, ह्या दगडापाशी कळले.

खाण्याचे विचारले नाही तरी सांगते, कारण नाशिकहून निघताना चिवड्याचे डबे भरले जाणारच. तेथील ‘स्काउस’ हा मांसाचा रस्सा प्रसिद्ध आहे, आणि त्याचाच मांस न घातलेला प्रकार ‘ब्लाइंड स्काउस’ म्हणून मिळतो. बटाटा, गाजर, कांदा, सोबत बीटाचे लोणचे. आपल्या जिभेला तो फिका वाटतो, मात्र थंडीत बरा वाटतो.

उत्तर : देवळालीकर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी निवृत्त इतिहास शिक्षक असल्याने त्यांत दोन गोष्टींची भर घालतो, कारण आपल्या देशातून जाणाऱ्या प्रेक्षकाने त्या ठाऊक असताना ते मैदान पाहावे असे मला वाटते.

अ‍ॅनफिल्डवर १८८४ पासून फुटबॉल खेळले जाते आणि प्रारंभी ते त्याच शहरातील एव्हर्टन ह्या क्लबचे मैदान होते, लिव्हरपूलचे नव्हे. मैदानाचे मालक जॉन होल्डिंग ह्यांच्याशी भाड्यावरून व कारभारावरून बिनसल्यामुळे एव्हर्टन १८९२ मध्ये स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कवर निघून गेले, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंग ह्यांनी नवा संघ उभा केला. एव्हर्टनचा पुरुष संघ आता २०२५ पासून नदीकाठच्या गोदीत बांधलेल्या नव्या स्टेडियमवर खेळतो. त्यामुळे बागेच्या दोन टोकांना दोन प्रतिस्पर्धी, हे सव्वाशे वर्षांहून जुने चित्र बदलले आहे.

पहिली गोष्ट ‘कॉप’ ह्या स्टँडची. गोलमागचा हा उंच चढता स्टँड १९०६ मध्ये उभा राहिला आणि त्याला दक्षिण आफ्रिकेतील स्पियॉन कॉप ह्या टेकडीचे नाव मिळाले, कारण जानेवारी १९०० मध्ये ब्रिटिश व डच वंशीय बोअर ह्यांच्यातील युद्धात त्या टेकडीवर लँकेशायर परगण्यातील शेकडो सैनिक मारले गेले होते. त्याच लढाईत जखमींना डोलीतून खाली वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधी होते. तेथील नाताळ वसाहतीतील हिंदी लोकांचे सुमारे अकराशे जणांचे शुश्रूषा पथक त्यांनी उभारले होते, त्यात मोठी संख्या गिरमिटिया मजुरांची होती, आणि स्पियॉन कॉपच्या पिछाडीनंतर त्यांना प्रत्यक्ष गोळीबाराच्या टप्प्यात जाऊन जखमी उचलावे लागले. अ‍ॅनफिल्डवर कॉपच्या नावाने आरोळी उठते तेव्हा त्या टेकडीवर आपलीही माणसे होती, ही आठवण मनात ठेवावी.

दुसरी गोष्ट अनेक जुन्या समर्थकांच्याही नजरेतून सुटते. कॉपच्या कोपऱ्याजवळ बाहेरच्या बाजूस एक उंच ध्वजस्तंभ आहे. तो ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या अवाढव्य जहाजाच्या डोलकाठीचा भाग आहे. ब्रुनेल ह्या अभियंत्याचे हे जहाज प्रवासी वाहतुकीत तोट्यात गेले, पण समुद्रतळाशी तारा टाकण्याच्या कामी आले, आणि १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तारायंत्राची केबल ह्याच जहाजाने टाकली. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून ह्या सफरीसाठी त्याला पांढरा रंग दिला होता. पुढे मर्सी नदीकाठी ते भंगारात काढण्यात आले, आणि डोलकाठी नदीतून पलीकडे आणून घोड्यांच्या साहाय्याने अ‍ॅनफिल्डच्या चढावर नेण्यात आली. मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन गेलेले ते लाकूड आहे. फाटक उघडण्याची वाट पाहत उभे राहाल तेव्हा तिकडे एक नजर टाकावी.

कॉपवर पूर्वी पंचवीस हजारांहून अधिक लोक उभ्याने सामना पाहत. हिल्सबरोनंतरच्या चौकशीमुळे सर्व मोठी मैदाने आसनांची करण्यात आली, आणि ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. लिव्हरपूल तो सामना ०-१ असा हरला. आसने आली तरी कॉपवरील माणसे आजही बहुतांश वेळ उभीच असतात, आणि काही भागात आता त्यासाठी कठडे असलेली आसने बसविली आहेत. त्यामुळे गुडघे दुखत असल्यास कॉपचे तिकीट मिळाले तरी घेऊ नये. बाजूच्या स्टँडमध्ये बसून कॉपकडे पाहावे. वस्तुतः कॉपमध्ये असताना कॉप दिसत नाही. सामन्याआधी हजारो लोक गळपट्टे उंचावून ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ म्हणतात, ते समोरून वा बाजूने पाहण्यासारखे असते. हे गाणे मूळ १९४५ च्या एका अमेरिकन संगीत नाटकातील असून १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच एका वाद्यवृंदाने ते गायल्यानंतर प्रेक्षकांनी ते आपलेसे केले.

उत्तर : सातपूरकर

मी थोडा विरोधी सूर लावतो. एवढा खर्च, एवढी सोडत, एवढी धास्ती हे सर्व अ‍ॅनफिल्डसाठी करण्याआधी आपण नाशिकरोडला हावडा मेलमध्ये बसून कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्यांचा सामना पाहिला आहे काय? १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला तेथे सुमारे एक लाख एकतीस हजार प्रेक्षक होते आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. अ‍ॅनफिल्डच्या दुप्पट गर्दी. हिल्सबरोचा उल्लेख आला म्हणून सांगतो, १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ह्याच दोन संघांच्या सामन्यात झालेल्या दंगलीत व चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मरण पावले, आणि कोलकात्यात तो दिवस दरवर्षी रक्तदान करून पाळला जातो. आपले समर्थक दुसऱ्यांची स्मारके पाहायला हजारो मैल जातात आणि आपली स्वतःची त्यांना माहीतही नसतात, ह्याचे मला वाईट वाटते.

उत्तर : इंदिरानगरकर

सातपूरकर, तुमचे म्हणणे मान्य आहे, परंतु प्रश्नकर्त्यांची मुलगी लीड्समध्ये आहे, कोलकात्यात नाही. दोन्ही व्हावे.

तिकीट मिळालेच नाही तर काय, ह्या प्रश्नाला माझ्या मते सहल हे अर्धेच उत्तर आहे, कारण इंग्रजी फुटबॉलची खरी चव रिकाम्या मैदानात येत नाही. नदीच्या पलीकडे बर्कनहेडमध्ये ट्रॅनमिअर रोव्हर्स हा खालच्या विभागातला क्लब प्रेंटन पार्कवर खेळतो. तेथील तिकीट सहज आणि स्वस्तात मिळते, मैदान खेळाडूंचे बोलणे ऐकू येईल इतके जवळ असते, आणि शेजारी बसलेला माणूस आपण कोठून आलो हे आस्थेने विचारतो. लिव्हरपूलचा महिला संघ २०२४ पासून जवळच्या सेंट हेलेन्स येथे बहुतेक घरचे सामने खेळतो आणि त्याचीही तिकिटे मिळतात. तेथील वातावरण कुटुंबांचे असल्याने वहिनींना ते अधिक मानवेल. मी तर म्हणेन की अ‍ॅनफिल्डची सहल आणि ह्यांपैकी एक सामना अशी जोडी जमली तर संशयास्पद तिकिटापेक्षा ती शतपट चांगली.

आणि तिकीट मिळालेच, तर आपण तेथे पाहुणे आहोत हे विसरू नये. दोन्ही संघांची नावे अर्धी-अर्धी विणलेले गळपट्टे बाहेर विकायला असतात, जुने समर्थक त्यांकडे नापसंतीने पाहतात. संपूर्ण सामना फोनच्या पडद्यातून पाहणाऱ्यावरही ते वैतागतात, कारण त्या आसनासाठी त्यांचा एखादा भाचा-पुतण्या वर्षानुवर्षे रांगेत असतो. दोन-चार छायाचित्रे काढून फोन खिशात ठेवावा. मोठी पिशवी आत नेता येत नाही. मैदान दिसेल अशा ठिकाणी मद्य न्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मध्यंतरात लोक आतल्या मार्गिकेत गर्दी करतात. तेव्हा आसनावरच थांबलेले बरे.

प्रश्नकर्ता : कॉलेज रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजंटाला कक्ष आणि विक्रेता विचारला. त्याने ‘ते नंतर कळवू’ असेच पुन्हा सांगितल्याने तो विषय मी बंद केला आहे. मुलीला लिहून प्रवास एप्रिलवर नेता येतो काय ते पाहत आहे आणि तिघांच्या नावाने सभासदत्वाची चौकशी सुरू केली आहे. पंचवटीकर ताईंचे उत्तर पत्नीला वाचून दाखविले, त्यानंतर तिने स्वतःहून लिव्हरपूलचा नकाशा उघडला. देवळालीकर सरांनी सांगितलेला ध्वजस्तंभ तर आता सामन्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे. शेवटची एक शंका आहे. सामना पाहून त्याच रात्री लीड्सला परतणे शक्य असते काय, की लिव्हरपूलला मुक्काम करावा? आणि स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत जाण्याची सोय कशी आहे?

उत्तर : इंदिरानगरकर

हे सर्वस्वी सामना किती वाजता आहे ह्यावर ठरते. शनिवारी साडेबाराचा किंवा तीनचा सामना असेल तर लीड्सला परतणे सोपे आहे, कारण प्रवास पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे. रात्री आठचा सामना संपायला दहा वाजत येतात आणि गर्दीतून स्टेशनवर पोहोचेपर्यंत थेट गाडी मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नसतो. तेव्हा मुक्कामच करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मर्सीवरील फेरी व गोदीचा परिसर वहिनींना दाखवा. रविवारच्या सामन्याला आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तेथील रेल्वे रुळांच्या दुरुस्तीची कामे बहुधा रविवारी काढते आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देते.

लाइम स्ट्रीट स्टेशनपासून अ‍ॅनफिल्ड तीन-साडेतीन किलोमीटर आहे आणि जाताना रस्ता चढाचा आहे. सामन्याच्या दिवशी शहराच्या मध्यभागातून ९१७ क्रमांकाची बस थेट स्टेडियमपर्यंत जाते, किंवा मर्सीरेल ह्या स्थानिक रेल्वेने सँडहिल्स स्टेशनवर उतरून तेथून सामन्यासाठी सोडलेली बस घेता येते. जाताना दोन तास आधी निघा, म्हणजे वहिनींना बसायला जागा मिळेल. येताना मात्र सर्वच लोक एकाच क्षणी बाहेर पडतात आणि बसच्या रांगा लांबतात. संघ जिंकला असेल तर आत थोडे रेंगाळावे, निदान अर्धी गर्दी ओसरेपर्यंत. ह्याच कारणाने लीड्सच्या परतीसाठी ठरावीक गाडीचे स्वस्त आगाऊ तिकीट घेऊ नका, त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चालणारे थोडे महाग तिकीट काढा. आणि एप्रिलमध्येही तेथील संध्याकाळ गार व पावसाची असते, तेव्हा वहिनींसाठी टोपी असलेला वाऱ्याचा कोट न विसरता घ्या. छत्री स्टेडियममध्ये उघडता येत नाही.